निवळी घेतलेली दोन घरं

दिवाळीच्या आधी गावी गेले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात सुमनकाकी मेथी निवडत बसली होती. समोर आई, मध्ये परात. कुठल्याशा लग्नातल्या आमटीत मीठच नव्हतं, त्यावर दोघी हसत होत्या. मला बघून काकी उठली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"घे. उन्हातनं आलीस."

"तहान नाही," मी म्हणाले. घसा कोरडा पडला होता.

काकीने तांब्या खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, ओशाळेपणही नव्हता. "हितं ठेवते मग. लागलं तर घे," म्हणाली आणि पुन्हा मेथीला बसली.

सुमनकाकीच्या नवऱ्याने, दिनूकाकाने, माझ्या वडिलांना, अण्णांना, जिवे मारलं होतं. शेतात, दोघांच्या मधल्या बांधावर, खोऱ्याने. त्याला सहा वर्षं झाली होती.

अण्णा आणि दिनूकाका सख्खे चुलतभाऊ. आजोबांच्या वाटणीत मधे जो बांध पडला, तो दोन्ही बाजूंनी कोरला जायचा. नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घ्यायचं, पाऊस झाला की समोरच्याने ते परत घ्यायचं. असं तीस-चाळीस वर्षं चाललं. आमच्या भावकीत वैर आलं की आधी पाणी तुटतं. प्यायचं पाणी. बोलणं पुढेही काही दिवस चालू राहतं, निदान शिव्या देण्यापुरतं. पण त्या घरचा तांब्या तोंडाला लावायचा नाही.

सुतक मात्र तुटत नाही. अण्णा गेले त्या दिवशी दिनूकाकाच्या घरालाही सुतक लागलं, कारण रक्त एकच. काकीने देव झाकून ठेवले, फोडणी टाकली नाही. दिनूकाकाने पोलीस कोठडीत न्हावी मागितला, आणि डोकं, मिशी उतरवून घेतली. ज्याला मारलं त्याचंच सुतक त्याने पाळलं. कोल्हापुरात, मी काम करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात, हे एकदा सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मलाही ते कधी नीट उलगडलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ रणजित सोप्यात ट्रॅक्टरचा कुठलातरी भाग पुसत बसला होता.

"अक्का, तुझं एकटीचं राहिलंय आता," तो म्हणाला.

मला ते माहीत होतं. समेट कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. दोन घरांच्या वैरातून खून झाला असेल, तर कैदी लवकर सुटू शकतो. अट एवढीच, की त्याने आणि दोन्ही घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने निवळी, आठवणीतली आच काढणारं औषध, घेतलेली हवी. एक माणूस राहिला तरी सुटका नाही. विस्तवाचा एक निखारा उरला तरी सगळं गवत पेटतं, असं कायदा करताना कुणीतरी सभागृहात म्हणालं होतं. आमच्याकडे सगळ्यांनी घेतली होती. मी तारखा पुढे ढकलत होते.

"तू इतक्या सहज कशी घेतलीस रे?" मी विचारलं.

"सहज?" त्याने फडकं खाली ठेवलं. "संग्रामला मारायला मी दोनदा गेलो होतो. कोयता घेऊन. तुला सांगितलं नव्हतं. एकदा तो घरात नव्हता आणि एकदा त्याची बायको दारात बसली होती, लेकराला न्हाऊ घालत."

संग्राम म्हणजे दिनूकाकाचा मुलगा. लहानपणी तो आणि रणजित एकाच सायकलवर शाळेत जायचे.

"आता आम्ही दोघांनी मिळून ठिबक टाकलंय. मी आता माणूस मारणार नाही अक्का. एवढं पुरे नाही का तुला?"

"पुरे आहे."

"मग? का पुस्तकांसारखा राग बी बाइंडिंग करून ठेवलायस? कपाटात? अधूनमधून काढून धूळ झटकायला?"

मला हसू आलं. त्यालाही आलं. रणजित हसतो तेव्हा डावा खांदा वर उडतो, अण्णांसारखा.

जेवताना मी आईला विचारलं, "अण्णा आठवतात का गं?"

"आठवतात की. न आठवायला काय झालं? चांगला माणूस हुता." आणि त्याच आवाजात, "ठेचा देऊ?"

पूर्वी ती रोज सकाळी अण्णांच्या फोटोशी भांडायची. गेलात न्हवं पुढं? बसा आता हार घालून, म्हशीचं कोण बघणार? आता फोटोची काच लख्ख होती. ती जेवत होती पोटभर. हातांवर मांस आलं होतं. ती बरी दिसत होती, आणि तिच्याकडे बघताना मला परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटत होतं.

कोल्हापूरच्या केंद्रात डॉक्टर फरीदा मुल्ला होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. टेबलावर काचेच्या भांड्यात पाणी होतं, तळाशी तांबूस माती.

"निवळीची बी पाहिलीय?" त्यांनी विचारलं. "माझी नानी वापरायची. गढूळ पाण्याच्या घागरीला आतून उगाळायची. थोड्या वेळाने पाणी स्वच्छ. औषधाचं खरं नाव लांबलचक आहे, पण लोकांनी ठेवलेलं हेच बरोबर आहे. गाळ कुठे जात नाही. खाली बसतो."

त्यांनी समजावलं ते असं. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. प्रत्येक वेळी आठवलं की ती बाहेर निघते, काही तास ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. घट्ट बसायला मेंदूला नवी प्रथिनं तयार करावी लागतात. आणि आठवण एका जागी नसते. काय घडलं ते एका भागात, आणि त्या घडण्याची आच दुसरीकडे, कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या बदामाएवढ्या गाठीत. निवळी नाकावाटे घ्यायची. त्या वेळी ज्या पेशी जाग्या असतील, त्यांच्यातच ती शिरते. माणसाने तो प्रसंग बोलत राहायचं, आठवण मऊ झाली की बाहेरून ध्वनिलहरी नेमक्या त्या बदामावर सोडायच्या. तिथली प्रथिनं तेवढी तयार होत नाहीत. घडलेलं पुन्हा घट्ट बसतं, आच बसत नाही.

"तुम्हाला सगळं आठवेल. फक्त भाजणार नाही."

"तुम्ही घेतलीय?"

"हो. आमच्या घरातही एक प्रसंग होता." त्यांनी भांडं थोडं बाजूला सरकवलं. "झोप लागते आता. बरं वाटतं का, असं विचाराल, तर ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही."

आधी तपासणी होती. डोक्यावर टोप चढवून मला चित्रं दाखवली. बांध. खोरं. सुमनकाकी. संग्राम. दिनूकाका, कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला. मग अण्णा. मग पुन्हा सगळे, उलटसुलट.

डॉक्टर मुल्लांनी निकाल दोनदा तपासला.

"दिनकर रणवरेंबद्दल तुमच्यात फारसं काही नाही," त्या म्हणाल्या. "कोमट आहे."

"शक्य नाही."

"आच वडिलांच्या चेहऱ्यावर आहे."

"ते दुःख आहे, डॉक्टर."

"असेल. पण दुःखाची नक्षी वेगळी उमटते. तुमच्या आईंची तशी होती. ही..." त्यांनी शब्द शोधला, सापडला तो आवडला नाही असं दिसलं. "हिला आम्ही द्वेष म्हणतो. यंत्र नाव ठेवत नाही, आम्ही ठेवतो. आमचं चुकत असेल."

"मग माझं काय करायचं? दिनूकाकाबद्दल नाहीच आहे तर..."

"कायद्यात माणसाचं नाव नाही. घटनेची आठवण आहे. ती सगळी निवळली पाहिजे. वडिलांसकट."

बसस्टँडपर्यंत मी चालत गेले. चुकीचं यंत्र, असं म्हणत गेले, आणि अर्ध्या वाटेवर मला अण्णांचा फोन आठवला. मारलं त्याच्या आदल्या संध्याकाळचा.

"उद्या एक तास घेतोच. बघतो कोण अडवतंय."

"अण्णा, वीतभर मातीसाठी?"

"वीतभर न्हाई गं," ते हसत म्हणाले. "चार बोटं."

चार बोटांसाठी हा माणूस गेला. आईला, मला, म्हशीला टाकून. हसत गेला. सहा वर्षं मी दिनूकाकाचा विचार करते आहे असं समजत होते, आणि खरं म्हणजे रोज याच माणसाची गचांडी धरत होते. पण त्या रागातच ते हसू होतं. माझ्याकडे अण्णांचा जिवंत आवाज तेवढ्याच एका जागी होता. ती आच गेली तर ते हसू कसं ऐकू येणार होतं? आईला येत होतं का?

मी दिनूकाकाला भेटायला गेले. तो खुल्या तुरुंगात होता, तिथे कैदी शेती करतात. वांग्यांच्या सरीत खुरपत होता. निवळी त्याला सगळ्यात आधी दिली होती.

"वैजू का गं? बारीक झालीस." तो उठला, हात झटकले. "खायला काय आणलंस?"

मी काही आणलं नव्हतं. आम्ही सरीच्या कडेला बसलो.

"काका, त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"कोर्टात सांगितलंय की."

"मला सांगा."

उसाला किती पाणी दिलं ते सांगावं तसं त्याने सांगितलं. "तुजा बा नांगर घिऊन आला. मी म्हटलं, दादा, बास आता. तो म्हणाला, तुज्या बापाची हाय व्हय जमीन? मी म्हटलं, बापाचीच हाय, तुज्या चुलत्याची. तवा तो हसला. मी खोरं उचललं. मग तो पडला."

"हसले?"

"हसला. त्याचं हसणं ठावं हाय नव्हं तुला."

एक पोलीस लांबून आमच्याकडे बघत होता. दिनूकाकाने मातीतलं मूळ उपटून बाजूला टाकलं.

"आधी रोज यायचा," तो म्हणाला. "हितं सरीच्या टोकाला. रक्ताबिक्ताचा न्हवं, चांगला उभा, धोतर खोचून. भांडायचा माज्याशी. तुजी वांगी किडकी, म्हणायचा. मी बी भांडायचो. रडायचो बी. निवळी दिली आन् यायचा बंद झाला. पैल्यांदा लई बरं वाटलं. मग करमंना."

त्याने आणखी एक मूळ उपटलं.

"एकदा मी मारला. आन् ह्या औषधानं पुन्ना मारल्यागत वाटतंय. म्हंजे, वाटत काईच न्हाई. नुसता इचार येतो." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुज्यात अजून हाय नव्हं तो?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ दे. घिऊ नको. कुनाच्यात तरी असू दे त्येला. मी हितं बरा हाय. वांगी चांगली येत्यात."

ज्याने मारलं तोच अण्णांना जपून ठेव म्हणत होता, आणि त्यासाठी सुटकेवर पाणी सोडत होता. परत येताना मला फार हलकं वाटलं. मी ठरवलं, निवळी घ्यायची नाही. हे दिनूकाकाच्या मनासारखं आहे, तेव्हा यात कुणावर अन्याय नाही.

फक्त सुमनकाकीला सांगायचं राहिलं होतं.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या दारात उभी राहिले. काकीने खाटेवर दिनूकाकाचे सदरे पसरले होते. ट्रंकेतून काढून धुतले होते, त्यांना निरम्याचा वास येत होता. ती एकाला बटण लावत होती.

"काकी, मी निवळी घेणार नाही. काका सुटणार नाहीत."

मी तयारीने गेले होते. काकीची जीभ गावभर प्रसिद्ध. तिने शिवी हासडली की वाटेतलं कुत्रंही शेपूट घालून वळायचं. लहानपणी आमची शेळी तिच्या भेंडीत शिरली, तेव्हा तिने शेळीच्या आजीपर्यंत उद्धार केला होता. ती काय म्हणेल आणि मी काय उत्तर देईन, हे सगळं मी बसमध्ये जुळवलं होतं.

"बरं," काकी म्हणाली.

तिने दोरा तोडला. सुई उशीत खोचली. सदऱ्याची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. मग दुसऱ्याची.

"काकी, बोला की काहीतरी. शिव्या घाला."

"कशाला बाळा? तुजं तुला." तिसरा सदरा. "बस, पाणी देते."

तिला कळत होतं. मी तिचा नवरा अडवून धरते आहे, हे तिला पूर्ण कळत होतं. नुसतं लागत नव्हतं. मी तिथे उभी राहून आणखी काहीही केलं असतं, ते सदरे विळीने फाडले असते, तरी तिने "बरं" म्हणून चिंध्या गोळा केल्या असत्या. माझा हात धरणारं दोन्ही घरांत कुणी उरलं नव्हतं. त्या सगळ्यांच्यातला विस्तव विझला होता आणि काडीपेटी एकट्या माझ्या हातात होती.

शेवटचा सदरा आत गेला. ट्रंकेचं झाकण तिने आवाज न करता लावलं.

मी डॉक्टर मुल्लांना फोन करून तारीख मागितली.

बटण आपणच दाबायचं असतं. तसा नियम आहे, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की जबरदस्ती झाली. नाकात फवारा मारल्यावर जरा झिणझिणलं. डॉक्टर म्हणाल्या, "काय ऐकू येतं ते सांगा." मी सांगितलं. संध्याकाळ, फोन, मागे म्हैस ओरडते आहे. उद्या एक तास घेतोच. वीतभर मातीसाठी? वीतभर न्हाई गं.

"थांबायचं असेल तर थांबू," डॉक्टर म्हणाल्या.

"एवढं ऐकून घेते."

अण्णा हसले. ते हसू मी शेवटपर्यंत ऐकलं. मग बटण दाबलं.

जाताना डॉक्टरांनी सूचना दिली. पुढे कधी पुन्हा आच जाणवली तर लगेच कळवायचं. औषधाचा दुसरा हात द्यावा लागतो. कळवलं नाही आणि नंतर उघड झालं, तर सुटकेचा फेरविचार होतो.

दिनूकाका माघात घरी आला. आम्ही सगळे गेलो. काकीने तांब्या पुढे केला आणि मी प्यायले. त्यांची विहीर आणि आमची एकाच झऱ्यावर आहे, चव तीच. दिनूकाका धुतलेला सदरा घालून माझ्याकडे बघत होता.

"घेतलीस व्हय?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो."

कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तशी त्याने मान हलवली.

त्यानंतर गावी गेले की मी त्याच्याबरोबर बांधावर बसते. तो म्हणतो, सांग की त्याचं काहीतरी. मी सांगते. अण्णा शेंगा खाऊन फोलपटं खिशात ठेवायचे. मला पहिल्यांदा कॉलेजला सोडायला आले तेव्हा वर्गात येऊन बसले होते. तोही सांगतो, दोघांनी मिळून कुणाचा कोंबडा चोरला ते. सगळं बरोबर असतं, एकही तपशील चुकत नाही. आम्ही दोघं ते ऐकतो आणि बांधावर वारा सुटलेला असतो.

वैशाखात नांगरट झाली, त्यानंतर गेले. बांधावर पाय ठेवताना तोल गेला.

"बगितलंस?" दिनूकाका म्हणाला. त्याने ताज्या मातीवर बोट ठेवलं. "हिकडनं संग्रामनं. तिकडनं रणजितनं."

बांध दोन्हीकडून कोरला होता. चार बोटं असेल, जास्त नाही. ज्यांच्यात वैराचा लवलेश उरला नव्हता, त्या दोघांनी. दोघेही समोर एकाच ट्रॅक्टरवर होते, एक चालवत, एक मागे उभा. मी हाक मारली.

"रणजित! बांध का कोरलास रे?"

"कोरला?" त्याने वळून बघितलं. खरोखर त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "वळला असंल गं ट्रॅक्टर. सवय. किती गेला, वीतभर?"

"चार बोटं," मी म्हणाले.

रणजित हसला. डावा खांदा उडवून, तोंड वर करून. संग्रामही हसला. ट्रॅक्टर पुढे गेला.

माझ्या पोटात, बेंबीच्या वर, काहीतरी हललं. अगदी बारीक, आणि ऊन. मी श्वास धरून बसले, मी हलले तर ते जाईल म्हणून. हा राग होता की अण्णा होते, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. कळलं असतं तर डॉक्टर मुल्लांना काय सांगायचं तेही ठरवता आलं असतं. मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही.

दिनूकाका माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आला व्हय?" त्याने विचारलं.

तो हाताने ढेकळं बाजूला करत बांधावर थोडा सरकला, आणि आमच्या मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली.